मशीन बरं झालं का?

आमच्या पिढीला प्रिंटर आधी ऐकू आला, मग दिसला. तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत आम्ही नोकरीला लागलो तेव्हा तो काउंटरच्या मागे, प्लायवूडच्या आडोशाला बसवलेला होता. सकाळी दहाला शिपाईमामा तसबिरीला उदबत्ती लावायचे आणि मग त्याचं बटण दाबायचे. हेड खर्रकन डावीकडे जायचं, कडेला टेकायचं, जरासं उजवीकडे येऊन थांबायचं. हिरवा दिवा लागायचा. सगळं मिळून तीन-चार सेकंद. तेवढ्यात यंत्राने आपली खुशाली कळवलेली असायची आणि आम्ही खतावणीतून मान वर न करता ती ऐकलेली असायची.

परवा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, ऑफिसातला आत्ताचा प्रिंटर सुरू होता होता थांबला. त्याच्या तळहाताएवढ्या पडद्यावर ‘इनिशियलायझिंग’ असा शब्द आला, खाली एक चक्र फिरू लागलं आणि ते फिरतच राहिलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पेरणीच्या तोंडावर निल दाखल्यांची घाई असते. आमच्याकडे बाकी नाही असं लिहून मिळाल्याशिवाय बँक नव्या पीककर्जाची फाइल पुढे सरकवत नाही, त्यामुळे रांग दारापर्यंत गेली होती. आम्ही चौघे प्रिंटरभोवती जमलो. चौघांचीही नजर त्या चक्रावर होती आणि यंत्राच्या पोटात काय चाललंय हे चौघांपैकी कोणालाच सांगता येईना.

त्या काळी ते सांगता यायचं, कारण डॉट मॅट्रिक्सचा सगळा कारभार उघड्यावर असायचा. नऊ पिनांचं हेड, त्याच्यासमोर शाईची रिबन, रिबनमागे कागद आणि कागदामागे रबरी रूळ. पीन रिबनवर आपटते, कागदावर ठिपका उमटतो, ठिपक्यांचं अक्षर होतं. सुरू होताना हेड डावीकडे जातं ते आपली जागा शोधायला. कडेला एक सेन्सर असतो. तिथे टेकलं की शून्य कुठे आहे ते यंत्राला कळतं आणि पुढची सगळी मोजणी तिथून होते. हेड वाटेतच अडलं तर यंत्राला स्वतःचा ठावठिकाणा लागायचा नाही. ते कण्हायचं, धडका मारायचं, बीप बीप करायचं आणि गप्प व्हायचं. त्या कण्हण्यावरून आजार कळायचा. मध्येच अडखळलं तर रिबनला पीळ पडलाय. टोकाला अडखळलं तर कागदाचा कपटा बसलाय. ओढत ओढत चाललं तर सळई कोरडी पडलीय. शिलाई मशिनचं तेल फडक्यावर घेऊन पुसून काढायची. स्वयंपाकघरात न डोकावता आईला दूध वर आल्याचं कळतं, तसं आम्हाला प्रिंटरचं दुखणं पलीकडच्या टेबलावरून कळायचं.

एका वर्षीची गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. खंडेनवमीला ऑफिसात पूजा झाली होती. तिजोरी, टाइपरायटर, संगणक, प्रिंटर, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि अक्षता वाहिल्या होत्या. दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही आलो, मामांनी बटण दाबलं, हेड निघालं आणि ठरावीक जागी येऊन ठेचकाळलं. पुन्हा बटण, पुन्हा तीच जागा. रिबन काढली, कागद काढला, तरी तेच. मग मामांनी प्लग काढला, चष्मा सदऱ्याला पुसला आणि हेड एका बोटाने अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे नेलं. एके ठिकाणी बोट थांबलं. “इथं दात खातंय,” ते म्हणाले. बॅटरीच्या उजेडात आम्ही सगळे वाकलो. हेड ओढणारा जो दातेरी पट्टा असतो, त्याच्या दोन दातांच्या खाचेत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा बसला होता. पट्ट्याचा तेवढा भाग चाकावर आला की हेड अडत होतं. मामांनी तो चिमट्याने उचलला, तळहातावर घेतला आणि केरात न टाकता तसबिरीपाशी नेऊन ठेवला. बटण दाबलं. खर्र, टक्, हिरवा दिवा. आम्ही हसलो, आणि काउंटरपलीकडे माना उंचावून पाहणारे लोकही हसले.

आजच्या लेझर प्रिंटरला सुरू होताना याच्या कितीतरी पट कामं असतात आणि ती सगळी बंद झाकणाआड होतात. आधी तो आपली मेमरी तपासतो. मग आतला बहुकोनी आरसा मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरवून बघतो, कारण लेझरचा किरण त्या आरशावरूनच ड्रमवर ओळीमागून ओळ आखत जातो. रूळ फिरवून वाटेत जुना कागद राहिलाय का हे पाहतो. टोनरची पावडर वितळवून कागदात मुरवणारा भाग सुमारे 200 अंशांपर्यंत तापवायचा असतो. कार्ट्रिजवरची चिप वाचायची असते. शेवटी नेटवर्कवर जाऊन आपला पत्ता मिळवायचा असतो. यातली एक पायरी चुकली तरी पडद्यावर चक्र एकच फिरतं. झाकण उघडून बघावं तर यंत्र थांबतं, आणि ते रास्तच आहे. आत पोळणारा रूळ आहे, डोळ्यांना अपाय करणारा किरण आहे. आमच्या मामांचं बोट मात्र आता कुठेच पोचत नाही.

बोट पोचत होतं म्हणून सगळं कळत होतं, असंही नाही. कळायचं नाही तेव्हा आमच्याकडे एक शेवटची परीक्षा होती. यंत्र बंद करायचं, लाइन फीडचं बटण दाबून धरायचं आणि धरूनच ते चालू करायचं. मग संगणकाने काही सांगण्याची वाट न बघता प्रिंटर स्वतःहून छापू लागायचा. सगळे अंक, सगळी अक्षरं, सगळी चिन्हं. दुसरी ओळ एका अक्षराने सरकलेली, तिसरी आणखी एकाने. कागदभर तिरप्या पायऱ्या उतरत जायच्या. हा कागद नीट निघाला की प्रिंटर निर्दोष, दुखणं बाहेर आहे. मग वळायचं केबलकडे. छत्तीस पिनांचं ते रुंद टोक, त्याच्या दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या. त्या नीट बसल्यात का, उंदराने कुठे कुरतडलंय का, हे बघायचं. यंत्राला एकटं करून विचारायचं की तू बरा आहेस का, आणि मगच बाकीच्यांवर संशय घ्यायचा, अशी ती रीत होती.

परवा हीच रीत उपयोगी पडली. ती सुचली मात्र दोघांना मिळून. आमच्याकडे नव्याने लागलेली मुलगी चौथ्यांदा प्रिंटर बंद करून चालू करत होती. म्हटलं, “अगं, आता घाई नको करू. अर्धा मिनिट बंद ठेव, मग चालू कर आणि नुसतं ऐक.” तिने तसं केलं. आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. आतला आरसा बारीक सुरात चढत गेला आणि स्थिर झाला. रूळ फिरले, थांबले. तापवणाऱ्या भागाची ऊब वरच्या जाळीतून हाताला लागली. एवढं झाल्यावर चक्र अडकलं. म्हणजे अंग धडधाकट होतं. जे काही बिघडत होतं ते त्यानंतर बिघडत होतं. मी एवढंच म्हटलं आणि पुढची पायरी तिला सुचली. “काका, मग लॅनची केबल काढून बघू?” तिने मागची केबल काढली, पुन्हा चालू केलं, आणि मिनिटाभरात पडद्यावर ‘रेडी’ आलं. केबल लावली, पुन्हा चक्र. काढली, पुन्हा रेडी.

पुढचं काम तिचंच होतं, मला ते आलं नसतं. बिघडलेली फाइल प्रिंटरला पचत नसली की तो आडवा होतो. आपण तो पुन्हा चालू करतो, आणि संगणक, मघाशी राहिलेलं काम इमानदारीने पूर्ण करावं म्हणून, तीच फाइल त्याला पुन्हा वाढतो. प्रिंटर उठतो, तोच घास घेतो, पुन्हा आडवा होतो. त्यात सकाळपासून प्रत्येकाने वैतागून तीन-तीन वेळा प्रिंटचं बटण दाबलं होतं. तिने एकेका संगणकावर जाऊन प्रिंट स्पूलर नावाची सेवा थांबवली, तिच्या फोल्डरमध्ये साचलेल्या फाइली पुसल्या आणि सेवा पुन्हा सुरू केली. तिसऱ्या संगणकावर ती सापडली: स्कॅन केलेल्या कागदपत्रांची एक अगडबंब फाइल, पाच वेळा पाठवलेली. एवढा शोध लागला तरी कोणी हसलं नाही, कारण सापडलेली गोष्ट कोणाला तळहातावर घेऊन दाखवता येत नव्हती. तांदळाचा दाणा दिसतो. रांगेत अडकलेली फाइल दिसत नाही.

सेल्फ टेस्टच्या त्या तिरप्या कागदावरून एक जुनी हकिगत आठवते. लेझर प्रिंटर ज्या युक्तीवर चालतो ती युक्ती पहिल्यांदा जमली 22 ऑक्टोबर 1938 रोजी, न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत. चेस्टर कार्लसन आणि त्यांचे मदतनीस ओटो कोर्नाय यांनी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून विजेने भारला, काचेवर लिहिलेल्या अक्षरांमधून त्याच्यावर उजेड पाडला, वरून बारीक भुकटी भुरभुरवली आणि जी अक्षरं उमटली ती मेणकागदावर उचलून घेतली. त्या पहिल्या कागदावर काय होतं? फक्त तारीख आणि जागेचं नाव. जगातल्या त्या पहिल्या प्रतीलाही आपण चालतो एवढंच सांगायचं होतं. आमच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कागदाशी तिचं नातं लागतं, असं मला वाटतं. पुढे गॅरी स्टार्कवेदर यांनी झेरॉक्समध्ये त्याच युक्तीला लेझरची जोड दिली आणि 1984 मध्ये एचपीचा पहिला लेझरजेट आला: मिनिटाला 8 पानं, इंचाला 300 ठिपके. आमच्या तालुक्याला लेझर यायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. आला तेव्हा त्याचं पहिलं पान आम्ही हातोहात फिरवलं होतं. कागद अजून गरम होता. पापड भाजून ताटात टाकावा तसा.

इतकं लिहून झाल्यावर खरं तेही सांगायला हवं. ते जुने दिवस सुखाचे नव्हते. महिनाअखेरीस 132 कॉलमचा रोजमेळ निघायला लागला की दोन माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं. संध्याकाळी घरी गेलो तरी कानात तो कर्रकर्र आवाज राहायचा. रिबन संपत आली की आकडे इतके फिके यायचे की तीन आहे की आठ, हे लेखापरीक्षकासमोर उजेडात धरून ठरवावं लागायचं. मराठी तर बहुतेक ठिकाणी नव्हतीच. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेल्या ऑफिसांचा आम्हाला हेवा वाटायचा. आमच्याकडे सभासदांची नावं रोमन लिपीत, सगळी मोठ्या अक्षरांत छापली जायची आणि आपल्याच पासबुकातलं आपलं नाव म्हातारी माणसं आमच्याकडून वाचून घ्यायची.

आता दाखला स्वच्छ मराठीत निघतो, वेलांटी वेलांटीच्या जागी आणि रफार रफाराच्या जागी. पासबुकावर नाव छापलेलं असतं ते म्हाताऱ्या माणसांना स्वतःला वाचता येतं. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या सज्जावर खेपा घालायच्या, त्याऐवजी 15 रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा मोबाइलवर उतरवून घेता येतो. कित्येकदा कागदाची गरजच उरत नाही. “पीडीएफ पाठवा, काका,” असं सांगून मुलं दारातूनच परत फिरतात. आमच्या वेळी एका कागदासाठी माणूस सकाळ घालवायचा, आता कागदच माणसाच्या खिशात जाऊन पोचतो. हे चांगलं झालं यात मला तिळमात्र शंका नाही.

तरीही काही गोष्टींनी जीव तुटतो, आणि त्या अगदी बारीक आहेत. जोडकागदाच्या दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असायच्या. छपाई झाली की त्या फाडायच्या. सबंध गठ्ठ्याची पट्टी एका ओढीत न तुटता आली तर दिवस चांगला जाणार असं आम्ही मानायचो. त्या पट्ट्या मामा गुंडाळून ठेवायचे आणि गणपतीत त्यांच्या झिरमिळ्या व्हायच्या. वाया गेलेल्या रोजमेळाचे पाठकोरे कागद घरी जायचे. आमची मुलं त्यांच्यावर आगगाड्या काढायची, कारण तो कागद संपायचाच नाही. घडी उलगडत जा आणि डबे जोडत जा. कोरडी पडलेली रिबन उघडून तिला शाई पाजायची आणि रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायची. नवी रिबन बसवली की बोटं दोन दिवस काळी राहायची आणि घरी कळायचं, आज ऑफिसात काय झालं.

लेझर आला तेव्हा त्याच्या भोवतीही रिवाज जमलेच. टोनर संपत आला की कार्ट्रिज काढून दोन्ही हातांत आडवं धरायचं, सूप पाखडावं तसं डावी-उजवीकडे पाच-सहा वेळा हलवायचं आणि त्यातून आणखी पन्नास पानं मिळवायची. पावसाळ्यात कागद सर्द व्हायचा, तेव्हा रीम ट्रेमध्ये भरण्याआधी पत्त्यांसारखा पिसून त्याला हवा द्यायची. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचं, लेझर यूपीएसवर लावू नको. आतला भाग तापायला एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस किंचाळून बसतो आणि प्रिंटर सुरू होता होता मरतो. त्याला रॉ पॉवरचं सॉकेट द्यायचं. भारनियमनाच्या वर्षांत हे सॉकेट निम्मा दिवस मुकंच असायचं, आणि आम्ही भिंतीवरच्या लोडशेडिंगच्या वेळापत्रकाकडे बघून दाखले काढायचो. सकाळची वीज जाण्याआधी इतके, संध्याकाळी आल्यावर तितके.

आताच्या कार्ट्रिजला चिप असते. ती टोनर किती उरला ते सांगते आणि किती पानं निघतील तेही. हलवून बघायची, अंदाज बांधायची, पन्नास पानं जिंकल्याचा आनंद मानायची वेळच येत नाही. बिघाड झालाच तर पडद्यावर क्रमांक येतो. काही यंत्रांत 13 म्हणजे कागद अडकला, 50 म्हणजे तापवणारा भाग बिघडला. आपण तो क्रमांक फोनवर सांगायचा आणि पलीकडून एक सभ्य आवाज आपल्याला तक्रारीचा नंबर देतो. पूर्वी इंजिनिअर जिल्ह्याच्या गावाहून एसटीने यायचा. बॅग उघडून टेबलावर फडकं पसरायचा, काढलेले स्क्रू त्यावर ओळीने मांडायचा आणि आमच्यापैकी दोघं-तिघं त्याच्या खांद्यावरून बघत शिकायचे. दुपारी तो आमच्याच डब्यातलं जेवायचा. आता इंजिनिअर लवकर येतो, सुटा भाग बदलतो आणि लवकर जातो. काम चोख होतं, पण खांद्यावरून बघायला कोणी थांबत नाही.

आमच्या पिढीला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच गोळा होणं. यंत्र अडलं की टेबलं सोडून सगळे एका जागी यायचे. रोखपाल, वसुलीवाले, मामा, कधी स्वतः व्यवस्थापक. चहा मागवला जायचा. प्रत्येकाचं एक निदान असायचं. त्या तासाभरात ऑफिसातली अबोला धरलेली दोन माणसं बोलायला लागल्याचंही मी पाहिलंय. वर्षानुवर्षं आम्ही या आठवणी एकमेकांना सांगितल्या, निवृत्तीच्या निरोपसमारंभांत सांगितल्या, आणि दर वेळी त्या आणखी गोड झाल्या.

मग कधीतरी मला त्या आठवणीतला एक माणूस दिसू लागला. तो पहिल्यापासून तिथेच होता. मी त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. 1990 नंतरची ती सुरुवातीची वर्षं. आमचा प्रिंटर सुरू होईना, हेडच जळलं होतं. नवं हेड जिल्ह्याच्या गावाहून यायचं होतं. संगणक आल्यावर हाताने दाखला द्यायचा नाही असं ठरलं होतं आणि आम्हाला त्या ठरवण्याचा अभिमान होता. वाडीवरून आलेल्या त्या माणसाला निल दाखला हवा होता. पहिल्या दिवशी आम्ही त्याला सांगितलं, मशीन बंद आहे, उद्या या. दुसऱ्या दिवशी सांगितलं, इंजिनिअर यायचाय, उद्या या. तिसऱ्या दिवशी तो आला, पायरीवर चपला काढल्या, काउंटरच्या जाळीशी वाकला आणि आपल्या दाखल्याचं नावही न काढता त्याने विचारलं, “मशीन बरं झालं का, साहेब?”

घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी तशा सुरात त्याने विचारलं होतं. आम्हाला ते इतकं आवडलं की पुढे कित्येक वर्षं प्रिंटर बंद पडला की आम्ही एकमेकांना तेच विचारायचो. मशीन बरं झालं का? त्या प्रश्नाच्या मागे काय होतं याचा हिशेब मी फार उशिरा मांडला. तीन दिवसांची मजुरी बुडाली. एसटीचं तीन दिवसांचं जाण्यायेण्याचं भाडं गेलं. मृग निघून चालला होता आणि बियाण्याचे पैसे हातात नव्हते. काउंटरच्या आत आम्ही यंत्राभोवती गोळा होऊन चहा घेत होतो आणि काउंटरच्या बाहेर त्या गोळा होण्याची किंमत तो मोजत होता. तांदळाच्या दाण्याच्या सकाळी रांगेतले लोकही हसले होते, हे मी वर लिहिलंय, आणि ते खरं आहे. त्यांचं हसणं सुटकेचं होतं, हे मला आता कळतं. जुन्या दिवसांची ओढ लागते ती बहुधा आतल्या बाजूला बसलेल्यांना. बाहेर उभं राहिलेल्यांना कोणी त्यांच्या आठवणी विचारलेल्या नाहीत.

म्हणून आता मागचं काही आठवलं की मी स्वतःला विचारून घेतो: यातलं आपलं काय हरवलं, आणि त्यांचं काय सुटलं? आपला कान हरवला. हातातल्या चिमट्याला, फडक्यावरच्या तेलाला जे कळायचं ते हरवलं. एकत्र वाकून एका दाण्याकडे बघणं हरवलं. याचं दुःख खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. त्यांच्या मात्र खेपा सुटल्या, ‘उद्या या’ सुटलं. दोन्ही पारड्यांत घालून बघितलं तर काटा कुठे झुकतो ते मला माहीत आहे, आणि तो तिकडेच झुकायला हवा.

परवाची केबल काढण्याची, फाइल शोधण्याची खटपट चाळीस मिनिटं चालली. त्या चाळीस मिनिटांत काउंटरवर काय झालं ते सांगायचं राहिलं. ती मुलगी पहिल्या संगणकाकडे वळली तेव्हा मी रांगेकडे पाहिलं. बहुतेकांच्या माना मोबाइलमध्ये होत्या. भिंतीला टेकून एक वयस्कर गृहस्थ उभे होते. पाठीमागे हात बांधलेले, हातात ओली छत्री, नजर प्रिंटरवर. मी व्यवस्थापकांकडे गेलो. म्हटलं, साहेब, खाती संगणकावर दिसतायत, बाकी आहे की नाही ते कळतंय. दाखला हाताने लिहिला तर चालेल ना? त्यांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, “लिहा. सही मी करतो.”

कपाटाच्या खालच्या खणात जुन्या लेटरहेडचं पॅड होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. खाली कार्बन घातला. किती वर्षांनी मी दाखल्याचा मजकूर हाताने लिहीत होतो. ‘दाखला देण्यात येतो की’ इथपर्यंत हात सराईतपणे गेला आणि पुढे जरा थबकला, मग आठवत गेला. नाव, गाव, खाते क्रमांक, आजअखेर येणेबाकी निरंक. जावक वहीत नोंद, वर क्रमांक, खाली व्यवस्थापकांची सही, तिच्यावर अर्धा चढलेला गोल शिक्का. एकेका दाखल्याला तीन-चार मिनिटं लागली. अक्षर पहिल्यासारखं राहिलेलं नाही, पण वाचता येत होतं.

तिसरा दाखला त्या छत्रीवाल्या गृहस्थांचा होता. मी नाव पुकारलं. ते काउंटरशी आले, आतमध्ये प्रिंटरच्या दिशेने पाहून म्हणाले, “झालं का मशीन चालू?”

“त्याचं चाललंय अजून,” मी म्हटलं. “तुमचा दाखला झालाय. हा घ्या.”